घरच्या ब्रॉडबँडवर सर्व्हर: ग्राहक करार वाचण्यापासून पोर्ट उघडण्यापर्यंतचा क्रम

घरातील जुन्या संगणकावर किंवा रास्पबेरी पायवर (तळहाताएवढ्या छोट्या संगणकावर) सर्व्हर उभा करणारे बहुतेक जण आधी राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची क्रमांक दिलेली वाट, उघडतात, मग सॉफ्टवेअर बसवतात, आणि इंटरनेट कंपनीकडून समज देणारा ईमेल आला किंवा जोडणीच बंद झाली की ग्राहक करार शोधायला घेतात. नाशिकमध्ये फायबर घरोघरी पोहोचल्यापासून ही चूक वारंवार दिसते. वेग भरपूर असतो, छोटी यंत्रे परवडतात, त्यामुळे अडचण आलीच तर ती तांत्रिक असेल असा समज होतो. प्रत्यक्षात पहिली अडचण कराराची असते, दुसरी पत्त्याची आणि तिसरी सुरक्षिततेची, आणि ती याच क्रमाने सोडवावी लागते.

हा लेख घरगुती गरजेच्या सर्व्हरसाठी आहे: कुटुंबाच्या फोटोंसाठी नेक्स्टक्लाउड किंवा इमिच, घरातील दिवे आणि पाण्याचा पंप सांभाळणारे होम असिस्टंट, कॅमेऱ्याचे चित्रण बाहेरगावाहून पाहण्याची सोय, किंवा मुलांच्या प्रकल्पाचे छोटे संकेतस्थळ. दुकानाचे किंवा क्लासचे संकेतस्थळ घरच्या जोडणीवर ठेवूच नये. त्यासाठी भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर, म्हणजे होस्टिंग कंपनीच्या यंत्रावरचा वाटा, घ्यावा. तो व्यवहाराने सोपा आहे आणि कराराच्या दृष्टीने स्वच्छही आहे.

टप्पा १: करार नेमका कोणाशी आहे ते ठरवा

सिडको, इंदिरानगर, पंचवटी, नाशिकरोड अशा भागांत घरापर्यंत तार आणणारा माणूस बहुधा परिसरातील केबलवाला असतो. बिघाड झाला की आपण त्यालाच फोन करतो, महिन्याचे पैसेही पुष्कळदा त्यालाच देतो, आणि म्हणून सर्व्हरबद्दलही त्यालाच विचारतो. तो सहज म्हणतो, ‘‘चालवा हो साहेब, कोण बघतंय.’’ हा शब्द कराराच्या दृष्टीने काहीही कामाचा नाही. दूरसंचार विभागाचा परवाना ज्या कंपनीच्या नावावर आहे आणि जिच्या नावाने बिल निघते, तिच्याच अटी तुम्हाला लागू होतात. केबलवाला तिचा स्थानिक भागीदार असतो. अटी शिथिल करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो.

म्हणून शेवटचे बिल काढा आणि त्यावर वस्तू व सेवा कर क्रमांकाशेजारी कोणत्या कंपनीचे नाव छापले आहे ते पाहा. त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून पुढील कागद मिळवा: ग्राहक अर्जातील अटी, वापर धोरण (काय चालते आणि काय नाही), उचित वापर धोरण (डेटाची मर्यादा), आणि तुमच्या प्लॅनची स्वतंत्र अटींची चिठ्ठी असल्यास ती. सर्व कागद पीडीएफ करून त्या दिवसाच्या तारखेसह साठवून ठेवा. संकेतस्थळावर नवी आवृत्ती टाकून अटी बदलण्याचा अधिकार कंपन्या करारातच राखून ठेवतात, आणि वाद झाला तर तुम्ही सुरुवात केली त्या दिवशी काय लिहिलेले होते हे दाखवण्यासाठी तुमच्याकडची प्रतच उपयोगी पडते.

तपासणी: बिलावरचे नाव, ग्राहक अर्जावरचे नाव आणि तुम्ही उतरवून घेतलेल्या अटींवरचे नाव एकच आहे का? केबलवाल्याने मध्येच कंपनी बदलली असेल तर ही तीन नावे वेगळी निघू शकतात. तसे असल्यास नव्या कंपनीच्या ग्राहक अर्जाची प्रत मागून घ्या आणि मगच पुढे जा.

टप्पा २: अटींतील सहा जागा वाचा

हे कागद लांबलचक आणि बहुधा इंग्रजीत असतात. ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावेत हे उत्तम, पण निदान सहा गोष्टींचे कलम शोधल्याशिवाय थांबू नये: वैयक्तिक व घरगुती वापराची मर्यादा, सर्व्हर किंवा होस्टिंगवरील बंदी, पुनर्विक्री आणि जोडणी इतरांना वाटण्यावरील बंदी, डेटाची कमाल मर्यादा, जोडणीच्या सुरक्षिततेची ग्राहकावरील जबाबदारी, आणि जोडणी कोणत्या कारणाने व किती सूचनेनंतर तोडता येईल ते.

सर्व्हरविषयीचे कलम तीन प्रकारचे आढळते आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा निघतो. पहिल्या प्रकारात घरगुती प्लॅनवर कोणताही सर्व्हर चालवण्यास सरसकट मनाई असते. वेब, मेल, फाइल आणि गेम सर्व्हरची नावेही कधी कधी दिलेली असतात. दुसऱ्या प्रकारात बंदी सार्वजनिक किंवा व्यावसायिक सर्व्हरपुरती असते, म्हणजे अनोळखी लोकांना खुली असलेली किंवा पैसे मिळवून देणारी सेवा चालत नाही. तिसऱ्या प्रकारात सर्व्हरचा उल्लेखच नसतो, पण ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ आणि ‘जाळ्यावर अवाजवी भार टाकणारा कोणताही वापर’ अशी दोन सैल कलमे असतात. हा तिसरा प्रकार वाचून लोक निश्चिंत होतात, पण त्यांनीच अधिक सावध असायला हवे, कारण सैल कलमाचा अर्थ लावणारी पहिली व्यक्ती कंपनीच असते.

पहिल्या प्रकारची बंदी असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: घरगुती प्लॅनवर बाहेरून दिसणारे काहीही चालवू नका. लेखी परवानगी मागा, सर्व्हरला मुभा देणारा व्यावसायिक प्लॅन घ्या, किंवा भाड्याचा सर्व्हर घ्या. ‘एवढ्याशा वापराकडे कोण लक्ष देणार’ हा युक्तिवाद जोडणी सुरू असेपर्यंतच टिकतो.

डेटा मर्यादेकडे विशेष लक्ष द्या. घरगुती ‘अमर्याद’ प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असणे आपल्याकडे सर्रास आढळते, आणि तीत डाउनलोडबरोबर अपलोडही मोजले जाते का हे कलमातच पाहावे लागते. ३३०० जीबी हा आकडा घरच्या माणसांना अफाट वाटतो, पण सर्व्हर अखंड चालू असतो. सतत १० एमबीपीएसने अपलोड होत राहिले तर दिवसाला १०८ जीबी आणि ३० दिवसांत ३२४० जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे उच्च दर्जाचे चित्रण रात्रंदिवस बाहेर पाठवणाऱ्या घराला ही मर्यादा गाठायला वेळ लागत नाही.

इशारा: शेजाऱ्यांना किंवा खालच्या भाडेकरूंना तुमच्या जोडणीतून इंटरनेट देऊन पैसे घेणे हा सर्व्हरचा प्रश्नच नाही. ती परवान्याविना केलेली पुनर्विक्री ठरते आणि कोणत्याही घरगुती करारात बसत नाही.

टप्पा ३: लेखी विचारणा करा

ग्राहक सेवेला फोन करून विचारल्यास समोरची व्यक्ती बहुधा ‘होईल सर’ असे सांगते आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही. म्हणून नोंदणीकृत ईमेलवरूनच लिहा, आणि लिहिताना नुसता ‘सर्व्हर’ असा मोघम उल्लेख करू नका. कोणती सेवा, कोणते पोर्ट, कोण वापरणार, उत्पन्न आहे की नाही आणि साधारण किती डेटा लागेल, ही माहिती दिली तर उत्तर देणाऱ्यालाही निर्णय घेता येतो. मजकूर असा ठेवता येईल (व्हीपीएन म्हणजे बाहेरून घरच्या जाळ्यात येण्याचा कूटबद्ध खासगी मार्ग, वायरगार्ड हे त्याचे एक सॉफ्टवेअर, आणि यूडीपी व टीसीपी या डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती):

‘‘माझा ग्राहक क्रमांक अमुक असून माझ्याकडे आपला अमुक घरगुती प्लॅन आहे. घरातील एका छोट्या संगणकावर कुटुंबाचे फोटो साठवून, बाहेर असताना ते स्वतःच्या फोनवर पाहण्यासाठी मी वायरगार्ड व्हीपीएन चालवू इच्छितो. त्यासाठी यूडीपी ५१८२० हे एकच पोर्ट बाहेरून उघडे राहील. वापरणारे फक्त घरातील चार जण असतील, त्यातून कोणतेही उत्पन्न मिळणार नाही आणि अपलोड महिन्याला साधारण ५० जीबीच्या आत राहील. आपल्या वापर धोरणानुसार यास परवानगी आहे का, आणि नसल्यास कोणत्या प्लॅनवर ती मिळेल, हे कृपया लेखी कळवावे.’’

याच पत्रात आणखी दोन प्रश्न जोडा: तुमच्या जोडणीला सार्वजनिक, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा, आयपी पत्ता मिळतो का, आणि स्थिर, म्हणजे न बदलणाऱ्या, पत्त्यासाठी वेगळे शुल्क किती. काही कंपन्या स्थिर पत्ता फक्त व्यावसायिक प्लॅनवर देतात, काही घरगुती प्लॅनवरही शुल्क घेऊन देतात. मात्र स्थिर पत्ता विकत घेतला म्हणजे सर्व्हर चालवण्याची परवानगी मिळाली, असे मुळीच नाही. ती दोन वेगळी कलमे आहेत, आणि दोन्हींचे उत्तर स्वतंत्रपणे मिळवावे लागते.

उत्तर येईपर्यंत टप्पा ४ आणि टप्पा ६ ची तयारी करता येते. पोर्ट मात्र उघडायचे नाही.

टप्पा ४: तुमचा पत्ता खरोखर सार्वजनिक आहे का ते पाहा

राउटरच्या पानावर जाऊन ‘वॅन’ किंवा ‘स्टेटस’ या भागातील आयपी पत्ता लिहून घ्या. मग त्याच जोडणीवरून ‘माझा आयपी’ दाखवणारे कोणतेही संकेतस्थळ उघडा आणि दोन्ही पत्ते ताडून पाहा. दोन्ही सारखे असतील तर तुम्हाला सार्वजनिक पत्ता मिळालेला आहे. राउटरवरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल तर तुम्ही कॅरियर ग्रेड नॅटच्या, म्हणजे सीजीनॅटच्या मागे आहात: एकच सार्वजनिक पत्ता कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि बाहेरून आलेली विनंती तुमच्या घरापर्यंत पोहोचूच शकत नाही. हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. काही स्थानिक जाळ्यांत त्याऐवजी १० ने सुरू होणारा खासगी पत्ता दिसतो. परिणाम तोच असतो.

लोकांचा सर्वाधिक वेळ वाया जातो तो इथेच. सीजीनॅटच्या मागे असताना राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचे, म्हणजे बाहेरची विनंती ठरावीक यंत्राकडे वळवण्याचे, नियम पुन्हा पुन्हा बदलून काहीही होत नाही, कारण अडसर राउटरच्या पलीकडे, कंपनीच्या यंत्रणेत असतो.

दुसरी नेहमीची गाठ म्हणजे दुहेरी नॅट, म्हणजे एक पत्ता अनेक यंत्रांत वाटण्याचे काम दोनदा होणे. कंपनीने बसवलेला ओएनटी, म्हणजे भिंतीवरचा फायबरचा डबा, स्वतःच राउटरचे काम करत असतो आणि तुम्ही त्याला जोडलेला राउटरही तेच काम करतो. तुमच्या राउटरच्या वॅन जागी १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर हेच घडले आहे असे समजा. ओएनटी ‘ब्रिज मोड’मध्ये, म्हणजे राउटरचे काम न करता जोडणी फक्त पुढे देईल अशा स्थितीत, टाकून देण्याची विनंती कंपनीला करा. ओएनटीचा ॲडमिन पासवर्ड इंटरनेटवर शोधून स्वतःच आत शिरू नका. तो डबा बहुधा कंपनीच्या मालकीचा असतो आणि त्यातील कंपनीच्या जाळ्याशी जोडणारी सेटिंग्ज (व्हीलॅन) चुकून पुसली गेली तर तंत्रज्ञ येईपर्यंत घर इंटरनेटविना राहते.

आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी आणि कितीतरी मोठी पद्धत, मिळत असेल तर सीजीनॅटचा अडथळा टळतो, कारण घरातील प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. पण ज्या जोडणीवरून तुम्ही घराशी संपर्क साधणार तिथेही आयपीव्ही६ असायला हवे. शिवाय इथे नॅटचा आडपडदा नसतो, म्हणून राउटरमधील आयपीव्ही६ फायरवॉल (नको असलेल्या विनंत्या अडवणारी भिंत) चालू आहे हे डोळ्यांनी पाहून घ्या. ती बंद असेल तर सर्व्हरबरोबर टीव्ही, प्रिंटर आणि कॅमेरेही जगासमोर उघडे पडतात.

टप्पा ५: मार्ग निवडा

आता तुमच्याकडे कंपनीचे उत्तर आणि पत्त्याचा प्रकार या दोन्ही गोष्टी आहेत. त्यांवरून मार्ग ठरतो.

फक्त घरातील माणसांसाठी वापर असेल तर व्हीपीएन हाच योग्य मार्ग आहे, आणि बहुतेक वाचकांना यापुढे जाण्याची गरजच नाही. सार्वजनिक पत्ता असल्यास वायरगार्ड थेट चालते. ओळख न पटलेल्या विनंतीला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणी करणाऱ्याला तिथे काही आहे हे कळत नाही. सीजीनॅटच्या मागे असल्यास टेलस्केलसारखी सेवा वापरता येते. तिच्यात घरातील यंत्र स्वतःहून बाहेर संपर्क साधते आणि पोर्ट उघडावेच लागत नाही.

संकेतस्थळ अनोळखी लोकांना दाखवायचेच असेल आणि करारात त्याला मुभा असेल, तर क्लाउडफ्लेअरच्या टनेलसारखा मार्ग आहे: घरातील यंत्र स्वतःहून त्या कंपनीशी जोडलेले राहते आणि पाहणारे तिच्यामार्फत येतात. त्याबद्दल एक गैरसमज इतका पसरलेला आहे की तो वेगळा सांगायला हवा.

इशारा: टनेल वापरल्याने करारातील बंदी नाहीशी होत नाही. कंपनीला उघडे पोर्ट दिसत नाही इतकेच. सार्वजनिक सर्व्हर चालवण्यास मनाई असेल तर टनेलमधून चालवलेला सार्वजनिक सर्व्हरही मनाईतच मोडतो. शिवाय टनेल देणाऱ्या कंपनीच्याही अटी असतात, आणि मोफत सेवेतून मोठे व्हिडिओ पाठवण्यावर त्यांत मर्यादा असू शकते, म्हणजे आता तुम्हाला दोन करार पाळायचे असतात.

मेल सर्व्हर घरी चालवू नका, करारात मुभा असली तरीही. बाहेर मेल पाठवण्यासाठी लागणारे पोर्ट २५ घरगुती जोडण्यांवर बहुधा बंद ठेवलेले असते, पत्त्यावरून नाव सांगणारी उलट नोंद, म्हणजे पीटीआर, फक्त इंटरनेट कंपनीच लावू शकते, आणि घरगुती पत्त्यांचे पट्टे मेल अडवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या स्पॅमहाउससारख्या याद्यांमध्ये आधीच ‘इथून थेट मेल अपेक्षित नाही’ अशा वर्गात नोंदलेले असतात. तुमचे पत्र पोहोचणार नाही आणि ते पोहोचले नाही हे तुम्हाला कळणारही नाही.

टप्पा ६: यंत्र, वीज आणि जागा

अखंड चालणाऱ्या यंत्राचा खरा खर्च विजेचा असतो. ८ वॅट घेणारा रास्पबेरी पाय ३० दिवसांत सुमारे ६ युनिट वापरतो. ७० वॅट घेणारा जुना डेस्कटॉप तेवढ्याच दिवसांत ५० युनिटच्या वर जातो. फोटो आणि होम असिस्टंटसाठी जुना डेस्कटॉप वापरण्यापूर्वी महावितरणच्या बिलातील तुमचा स्लॅब पाहा, कारण हे ५० युनिट तुमच्या सर्वांत वरच्या दराने मोजले जातात. बॅटरी शाबूत असलेला जुना लॅपटॉप हा चांगला मधला पर्याय आहे.

सर्व्हरला वीज मिळाली तरी राउटर आणि ओएनटी बंद पडले तर उपयोग नाही, म्हणून बॅकअप तिन्हींना द्या. ओएनटी आणि राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी छोटे डीसी यूपीएस मिळतात. घेण्यापूर्वी दोन्ही ॲडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर लिहून दुकानात न्या. वीज परत आल्यावर डेस्कटॉप आपोआप सुरू व्हावा अशी बायॉसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) सोय असते, ती चालू करा. अन्यथा तुम्ही पुण्यात असताना घरचा सर्व्हर कोणीतरी बटण दाबेपर्यंत बंदच राहील.

टीव्हीखालच्या बंद कपाटात यंत्र ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यांत तिथे हवा खेळत नाही आणि हार्ड डिस्क तापून लवकर खराब होते. जोडणी वाय-फायऐवजी केबलने करा. राउटरमध्ये त्या यंत्रासाठी स्थानिक पत्ता राखून ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०, म्हणजे पुढे लिहिलेले नियम राउटर बंद-चालू झाल्यावर भलत्याच यंत्राकडे जाणार नाहीत.

फोटो फक्त या यंत्रावर ठेवू नका. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर, हा नियम इथेही लागू आहे. गंगापूर रोडला भावाकडे ठेवलेली बाह्य हार्ड डिस्कसुद्धा चालते. आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदले जात असताना फायबर तुटणे गृहीत धरा: जी गोष्ट प्रवासात हमखास लागणार आहे, जसे तिकिटे किंवा ओळखपत्रांच्या प्रती, ती फोनवरही उतरवून ठेवा.

टप्पा ७: उघडण्याआधी कुलूप लावा

हा टप्पा आठव्याच्या आधीच पूर्ण झाला पाहिजे. सार्वजनिक पत्त्यावर पोर्ट उघडताच स्वयंचलित प्रोग्राम ते अल्पावधीत शोधून काढतात आणि नेहमीचे पासवर्ड घालून पाहू लागतात. ‘आधी चालू करून बघू, पासवर्ड नंतर बदलू’ या सवयीमुळे घरे अडचणीत येतात.

पुढील कामे याच क्रमाने करा.

१. ऑपरेटिंग सिस्टिम आणि सर्व्हरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करा, आणि सुरक्षा अद्यतने आपोआप बसतील अशी व्यवस्था लावा.

२. राउटर, कॅमेरे आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर यांचे मूळ पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (घातक प्रोग्रामने) मूळ पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी मोठे हल्ले केले होते. तशा हल्ल्यात तुमचा कॅमेरा सामील झाला तर कंपनीला दिसतो तो तुमच्या नावावरचा पत्ता.

३. राउटरमधील यूपीएनपी बंद करा. ते चालू असेल तर घरातील कोणतेही यंत्र तुम्हाला न विचारता पोर्ट उघडू शकते. राउटरचे पान बाहेरून उघडण्याची सोयही बंद ठेवा.

४. सर्व्हरवर एसएसएचसाठी, म्हणजे दुरून सर्व्हरला आदेश देण्याच्या सोयीसाठी, कीची जोडी (पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या दोन फाइल) तयार करा. कीने प्रवेश मिळतो हे दुसऱ्या खिडकीतून तपासा, आणि त्यानंतरच पासवर्डने प्रवेश बंद करा. पहिली खिडकी तोवर उघडी राहू द्या. हा क्रम उलटा झाला तर सर्व्हरला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

५. सर्व्हरची स्वतःची फायरवॉल चालू करून फक्त लागणारी सेवा मोकळी ठेवा.

घरून टॅली पाहण्याची सोय करू इच्छिणाऱ्या लेखापालांसाठी आणि छोट्या व्यावसायिकांसाठी इथे थोडे थांबायला हवे, कारण नाशिकमध्ये सर्वाधिक नुकसान करणारी चूक मला हीच वाटते. कार्यालयातील किंवा घरातील विंडोज संगणकाचे रिमोट डेस्कटॉप, म्हणजे पोर्ट ३३८९, राउटरमधून थेट उघडले जाते. कोणीतरी ‘पोर्ट बदलून टाका म्हणजे झालं’ असा सल्ला देतो आणि ३३८९ ऐवजी दुसरा आकडा टाकला जातो. आकडा बदलल्याने काहीही सुरक्षित होत नाही, कारण शोधणारे प्रोग्राम सर्व पोर्ट चाचपतात. रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) शिरण्याचा हा फार जुना आणि अजूनही चालू असलेला रस्ता आहे, आणि हिशेबाच्या फाइल मार्चअखेर कुलूपबंद झाल्या तर ग्राहकांचे विवरणपत्र अडकते. रिमोट डेस्कटॉप वापरायचेच असेल तर आधी व्हीपीएन जोडा आणि त्याच्या आतूनच ते उघडा. शिवाय ग्राहकांचे हिशेब हा व्यवसाय आहे. तो घरगुती प्लॅनच्या ‘वैयक्तिक वापर’ या कलमात बसत नाही, तेव्हा व्यावसायिक प्लॅन घेणे इथे टाळता येत नाही.

तपासणी: राउटरमधील पोर्ट फॉरवर्डिंगची यादी आता पूर्ण रिकामी असली पाहिजे. तुम्ही न घातलेली एखादी नोंद दिसली तर ती कोणत्या यंत्राची आहे हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ८: एकच पोर्ट उघडा

परवानगीचे उत्तर हातात आहे, कुलपे लागली आहेत, आता पोर्ट उघडायचे. वायरगार्डसाठी यूडीपी ५१८२० हे १९२.१६८.१.५० कडे वळवा. यूडीपीच्या जागी टीसीपी निवडणे ही इथली नेहमीची चूक आहे. राउटरमधील ‘डीएमझेड’ हा पर्याय कधीही वापरू नका. तो एका यंत्राची सर्व पोर्ट एकदम उघडतो.

पत्ता स्थिर नसेल तर डकडीएनएससारखी बदलता पत्ता नोंदवणारी सेवा लावा आणि तिचा अद्यतन करणारा प्रोग्राम सर्व्हरवरच चालवा. सीजीनॅटच्या मागे ही सेवा निरुपयोगी असते, कारण ती जो पत्ता नोंदवते तो तुमच्या एकट्याचा नसतो.

संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी जोडणी कूटबद्ध करण्यासाठी लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र घ्यावे, आणि शक्य असेल तर डीएनएसद्वारे (नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदींद्वारे) पडताळणी करावी, म्हणजे त्यासाठी पोर्ट ८० उघडावे लागत नाही. मात्र प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद सार्वजनिक यादीत होते हे ध्यानात ठेवा. कॅमेऱ्याच्या पत्त्याला ‘घरचाकॅमेरा’ असे नाव देऊन प्रमाणपत्र घेतले तर ते नाव कोणालाही शोधता येते. नावे अर्थहीन ठेवा.

टप्पा ९: बाहेरून तपासा

घरच्या वाय-फायवर बसून केलेली तपासणी ग्राह्य धरू नका. काही राउटर आतून आलेली विनंती परत आत वळवतात आणि सर्व सुरळीत असल्याचा भास होतो. काही राउटर तसे करत नाहीत आणि चालू असलेली सेवाही बंद भासते. फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून जोडून पाहा. मग व्हीपीएन बंद ठेवून त्याच मोबाइल डेटावरून राउटरचे पान, कॅमेरा आणि एसएसएच उघडण्याचा प्रयत्न करा. यांपैकी काहीही उघडता कामा नये.

यानंतर घराची वीज मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करा, आणि कशालाही हात न लावता सर्व काही परत उभे राहते का ते पाहा. ही एक तपासणी पुढचे अनेक फोन वाचवते.

टप्पा १०: देखरेख, आणि कंपनीची सूचना आल्यास

महिन्यातून एकदा कंपनीच्या ॲपमध्ये डेटा वापर पाहा आणि सर्व्हर सुरू होण्यापूर्वीच्या महिन्याशी ताडा. अपलोड अचानक वाढले आणि तुम्ही काहीही नवे सुरू केलेले नसेल, तर यंत्र ताब्यातून गेले असण्याची शक्यता आधी तपासा. डीएनएससाठी पायहोल (जाहिराती अडवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी पोर्ट ५३ बाहेरून बंद असल्याची खात्री पुन्हा पुन्हा करावी, कारण उघडे राहिलेले डीएनएस दुसऱ्यांवरील हल्ल्यासाठी वापरले जाते आणि कंपनीकडे तक्रार तुमच्या नावे येते.

कंपनीकडून सूचना आली तर आधी फॉरवर्डिंगचा नियम काढा, मग उत्तर लिहा. वाद घालत असताना सर्व्हर चालू ठेवणे तुमची बाजू कमकुवत करते. उत्तरात टप्पा ३ मधील पत्रव्यवहार जोडा आणि कोणत्या कलमाचा भंग झाला असे कंपनीचे म्हणणे आहे ते विचारा. लेखी परवानगी असूनही जोडणी तोडली तर तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक घ्या. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीकडे अपील प्राधिकरण असते, आणि तक्रार केंद्राचे उत्तर समाधानकारक नसेल तर ३० दिवसांत तिथे अपील करता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे; दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगाकडे नेता येतात हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. या प्रत्येक पायरीवर तुमच्याकडून मागितले जातात ते कागदच: तारखेसह साठवलेल्या अटी, परवानगीचा ईमेल आणि डॉकेट क्रमांक.

प्लॅन बदलला, घर बदलले किंवा तंत्रज्ञाने राउटर बदलून दिला, की टप्पा ४ आणि टप्पा ७ पुन्हा करा. नव्या राउटरमध्ये यूपीएनपी बहुधा चालू अवस्थेत येते, तुमचे नियम त्यात नसतात, आणि नव्या प्लॅनसोबत सार्वजनिक पत्ता जाऊन सीजीनॅट आलेले असू शकते. सर्व्हर कायमचा बंद करत असाल तर फॉरवर्डिंगचा नियम, डकडीएनएसवरील नाव आणि फोनमधील व्हीपीएनच्या की तिन्ही काढून टाका. स्थिर पत्त्याचे शुल्क थांबवण्याची विनंतीही त्याच दिवशी लेखी पाठवा, कारण जोडणी तशीच चालू राहिली तर ते दर महिन्याच्या बिलात येत राहते.